एकशेविसाव्या पानावरून

पुस्तकाबद्दल बोलायची आपली एक शिस्त आहे. सध्या काय वाचताय, असं कुणी विचारलं की नाव सांगायचं, लेखक सांगायचा, आणि ‘कसं आहे?’ या पुढच्या प्रश्नाला ‘वाचून होऊ दे, मग सांगतो’ म्हणून विषय मिटवायचा. यात नम्रता आहे, लेखकाबद्दल आदर आहे, शिवाय आपलं मत पुढे खोटं ठरलं तर काय, ही धास्तीही आहे. वाचून झाल्यावर मात्र असं म्हणणारा माणूस बोलतोच असं नाही. पुस्तक कपाटात किंवा वाचनालयात परत जातं, दुसरं हाती येतं, आणि सांगायचं ते राहूनच जातं. पुस्तक संपवून त्याच्याबद्दल नेमाने बोलणारे बहुधा परीक्षण लिहिणारे असतात. त्यांचं ते कामच असतं. परिणामी पुस्तकांबद्दल बोलण्याचा मक्ता मोजक्या लोकांकडे जातो आणि वाचणारे बाकीचे सगळे गप्प राहतात. माझं म्हणणं असं, की चालू वाचनाबद्दलचं मत हे पुऱ्या मताचं कच्चं रूप नव्हे. ते वेगळ्याच गोष्टीबद्दलचं मत असतं. परीक्षण पुस्तकाबद्दल सांगतं. चालू मत वाचण्याबद्दल सांगतं. ते वेळेवर सांगितलं नाही तर नंतर कितीही विचार केला तरी जसंच्या तसं हाती लागत नाही.

पुरं झाल्यावर बोलावं की मध्येच, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू वसईजवळच्या गिरीज या एकाच गावात पाहता येतात. गावात हिराडोंगरी आहे, म्हणजे जुना वज्रगड, आणि तिच्यावर दत्ताचं मंदिर. त्याच गावात वसई धर्मप्रांताचं जीवन दर्शन केंद्र आहे. दत्तसंप्रदायाचा मुख्य ग्रंथ गुरुचरित्र. त्याचं सप्ताह-पारायण करायचं तर सात दिवसांचे सात वाटे ठरलेले. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, सगळं नेमून दिलेलं. वाचताना मध्ये बोलायचं नाही, आसनावरून उठायचं नाही. पुरं झाल्याशिवाय तोंड उघडू नये या शिस्तीचं इतकं कडक रूप दुसरीकडे क्वचितच दिसेल. चर्चमधली रीत उलटी. तिथे रविवारच्या मिस्सेला शुभवर्तमानाचा एक तुकडा वाचला जातो आणि लगेच धर्मगुरू त्या तुकड्यावर प्रवचन करतात. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे; एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. तीन वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्यावर येतं. ‘आधी अख्खं बायबल वाचून होऊ दे, मग या उताऱ्यावर बोलू’ असं कुठलाही धर्मगुरू म्हणत नाही. म्हटलं तर बोलायची वेळच येणार नाही, कारण हा ग्रंथ कधी वाचून संपतच नाही. तो कायम चालू असतो आणि त्याच्याबद्दलचं बोलणंही चालूच असतं.

गुरुचरित्र उघडून पाहिलं तर मात्र ही दोन टोकं तितकी लांब राहत नाहीत. जो ग्रंथ मौनाने वाचायचा, तो स्वतः बोलण्यातून घडलेला आहे. नामधारक विचारतो, सिद्ध सांगतो. थोडं सांगून झालं की नामधारकाला पुन्हा काही खटकतं, पुन्हा तो विचारतो, आणि त्या विचारण्यातून पुढची कथा निघते. सगळं ऐकून झाल्यावर एकदम अभिप्राय द्यायचं नामधारकाने ठरवलं असतं तर ग्रंथ पहिल्याच अध्यायाशी अडला असता. हीच तऱ्हा ‘ख्रिस्तपुराणा’ची. फादर थॉमस स्टीफन्स यांचं हे मराठी पुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं. आमची जुनी पुराणं गेली, आता त्यांच्या जागी काय, असा सवाल साष्टीतला एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींना करतो, तिथून ते सुरू होतं, आणि पुढेही ऐकणारे मध्येच शंका काढतात. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या तोंडाशी श्रोत्यांकडे अवधान मागितलं. ज्ञानेश्वरीत समोर बसलेली सभा वारंवार जाणवते. कुणी कौतुक करतं, कुणी घाई करतं, निवृत्तिनाथ विस्तार आवरायला सांगतात. धर्म वेगळे, शतकं वेगळी, पण मराठीतल्या या तीन मोठ्या ग्रंथांनी ऐकणाऱ्याचं मधलं बोलणं नुसतं खपवून घेतलं नाही, ग्रंथाच्या बांधणीतच त्याला जागा दिली. तेव्हा ‘पुरं झाल्यावरच बोलावं’ ही आपली जुनी परंपरा आहे असं कुणी म्हणत असेल, तर ते अर्धंच खरं आहे. पाठ करताना गप्प राहणं ही परंपरा आहे. समजून घेताना मध्येच विचारणं ही तिच्याइतकीच जुनी परंपरा आहे.

छापखाना आल्यावरही ही रीत लगेच मोडली नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः दिली. पुस्तक हातात घेऊन दोन दिवसांत संपवणाऱ्या आजच्या वाचकाला जे मिळत नाही, ते त्या वाचकांना मिळालं होतं. दोन अंकांच्या मधला काळ. नायिका यमूचा मुंबईतला संसार चालू असताना, सुधारक विचारांचा नवरा, रघुनाथराव, तिला शिकवतो, चार लोकांत नेतो हे वाचताना, वाचकाचं काहीतरी मत बनणारच. बाईच्या वाट्याला चांगला नवरा आला की तिचं आयुष्य सुधारतं, असं त्याला वाटलं तर तो चुकला असं म्हणता येणार नाही. तोवरच्या कथेने त्याला तसं वाटायला जागा दिली होती. पुढे रघुनाथराव जातात, यमूचं केशवपन होतं, आणि त्या मताचा आधार निघून जातो. एका भल्या माणसावर उभी असलेली सुधारणा त्या माणसाबरोबर संपते, हे कादंबरीचं मोठं विधान आहे. पण ते विधान कुणाला लागतं? ज्याने मधल्या काळात त्या भल्या माणसावर भरवसा ठेवला त्यालाच. शेवट आधीच माहीत असलेल्याला ते समजतं, लागत नाही. मधलं मत शेवटाने खोटं पाडलं म्हणून ते वाया गेलं असं नाही. ते नसतं तर शेवटाला खोटं पाडायला काही उरलंच नसतं. डिकन्सची ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ १८४० ते १८४१ या काळात हप्त्याहप्त्याने निघत असताना तिच्यातल्या छोट्या नेलला मारू नका म्हणून वाचक त्याला पत्रं लिहीत होते. डिकन्सने ऐकलं नाही. त्या पत्रांची किंमत मात्र त्याने कमी होत नाही, कारण अर्ध्या वाटेवरच्या माणसाला पुस्तकाने किती धरलं होतं याचा त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

‘कोसला’ घ्या. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली आणि तिच्याबद्दल आजवर इतकं लिहिलं गेलं आहे की नवा वाचक ती उघडतो तीच ‘अस्तित्ववाद’, ‘परात्मता’ असे शब्द कानात घेऊन. हे शब्द चुकीचे नाहीत. पण ते कादंबरी संपवून बसलेल्या माणसाचे शब्द आहेत. नायक पांडुरंग सांगवीकरच्या होस्टेलमधल्या पानांवर असलेला वाचक पहिल्यांदा हसतो, मोठ्याने हसतो, आणि त्या क्षणी त्याला विचारलं तर तो म्हणेल, भारी विनोदी पुस्तक आहे. पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू येतो. त्या पानांनंतर ‘विनोदी’ हा शब्द उच्चारायची त्याला लाज वाटेल, आणि संपूर्ण कादंबरीवर बोलायची वेळ येईल तेव्हा आपण हसलो होतो हेच तो विसरलेला असेल. विसरला नसला तरी त्या हसण्याला ‘उपरोध’ असं भारदस्त नाव देईल. पण हसणं खरं होतं. मनीच्या मृत्यूचा आघात इतका जबर का होतो, याचं निम्मं उत्तर त्या हसण्यात आहे, कारण हसणाऱ्याने सावध राहणं सोडून दिलेलं असतं. पूर्ण झालेलं मत मागे वळून सगळी पानं शेवटाच्या रंगात रंगवून टाकतं. आधीचा रंग कोणता होता हे फक्त त्या पानावर असताना सांगितलेलं मतच सांगू शकतं.

शिवाय वाचन खरोखर कसं चालतं ते पाहावं. वसई रोडहून चर्चगेटला लोकलने साधारण सव्वा तास लागतो. त्या गर्दीत पुस्तक उघडणारा वाचक प्रकरणाच्या शेवटाला थांबत नाही, स्टेशनाला थांबतो. चारशे पानांची कादंबरी त्याला तीन-चार आठवडे पुरते. त्या सगळ्या काळात तो पुस्तकाच्या मध्येच असतो. ‘वाचून झालं’ ही अवस्था शेवटच्या संध्याकाळी एकदाच येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पुस्तक पिशवीत असतं. वाचकाचं जवळजवळ सगळं वाचकपण या मधल्या मुक्कामात जातं. त्या मुक्कामाबद्दल बोलायची बंदी आणि शेवटच्या क्षणाबद्दल तेवढी मुभा, हा हिशेब मला उफराटा वाटतो.

माझ्या या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप व्हर्जिनिया वुल्फच्या बाजूने येतो. पुस्तक कसं वाचावं या तिच्या प्रसिद्ध निबंधात तिने वाचनाचे दोन टप्पे केले आहेत. आधी लेखकाचा साथीदार व्हायचं, त्याच्या हातात हात देऊन चालायचं. पुस्तक मिटल्यावर धूळ खाली बसू द्यायची, आणि मगच न्याय करायला बसायचं. धूळ उडत असताना दिलेला निवाडा उतावळा असतो, हे तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण वाचताना माणूस फक्त न्यायाधीशच असू शकतो असं नाही, तो साक्षीदारही असतो. साक्षीदाराला कोर्टात निकाल विचारत नाहीत. तुम्ही कुठे उभे होता, तिथून काय दिसलं, एवढंच विचारतात. आणि तो जितकी लवकर साक्ष देईल तितकी ती विश्वासाची. साक्षीदाराने निकाल लागेपर्यंत थांबून मग साक्ष दिली तर तिला कुणी विचारणार नाही, कारण ती निकालाला जुळवून घेतलेली असेल. चालू पुस्तकाबद्दल बोलणाऱ्याने निवाड्याची भाषा टाळली आणि साक्षीची भाषा धरली, तर वुल्फचा आक्षेप त्याला लागू होत नाही. उलट तिच्या न्यायाधीशाला जे कागद समोर लागतील, ते हेच.

अशी टप्प्याटप्प्याची मतं आपण दुसरीकडे सहज स्वीकारतो. पिकाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा आकडा, सरकार एकदाच काढत नाही. पीक शेतात उभं असतानाच नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित, आणि शेवटी अंतिम. पीक घरात येईपर्यंत थांबा, असं कुणी म्हणत नाही, कारण टंचाईची तजवीज उभ्या पिकाकडे बघूनच सुरू करावी लागते. आणि अंतिम आकडा वेगळा निघाला म्हणून आधीच्या तलाठ्याला कुणी खोटारडा ठरवत नाही. त्याच्या आकड्यावर ‘नजरअंदाज’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पुस्तकाच्या बाबतीत हाच शब्द लिहायची आपल्याला सवय नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात तरी हसण्यावारी नेता येणार नाही. तो असा: न वाचता, अर्धवट वाचून मतं देणाऱ्यांनी इथे काय काय केलं ते विसरलात का? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर एका पुस्तकातल्या मजकुराच्या रागातून हल्ला झाला, आणि ज्यांचा त्या पुस्तकाशी काडीचाही संबंध नव्हता अशा हस्तलिखितांचीही त्यात हानी झाली. २००९ साली आनंद यादवांना त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरच्या वादामुळे महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं आणि संमेलन अध्यक्षाविना झालं. २०१९ साली उस्मानाबादच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. ते वसईचे, नंदाखालचे, चोवीस वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. त्यांना विरोध झाला तो त्यांच्या एखाद्या पुस्तकातल्या पानावरून नव्हे, ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यावरून. अशा राज्यात अर्ध्या पुस्तकावरच्या मताला मान देणं म्हणजे आगीत तेल ओतणं नाही का?

मला उलट वाटतं, आणि त्याचं कारण याच घटनांत आहे. दिब्रिटोंच्या बाबतीत पुस्तकं वाचण्याचा प्रश्नच कुणी काढला नव्हता. तिथे अर्धवट वाचन नव्हतं, वाचनाचा अभाव होता. ज्या वादांत मजकूर खरोखर पुढे येतो तिथेही तो उताऱ्याच्या रूपात येतो. उतारा हातात असलेला माणूस आणि पुस्तकाच्या मध्यावर असलेला माणूस, दोघांनीही पुस्तक पूर्ण वाचलेलं नसतं. सारखेपणा इथेच संपतो. उताऱ्याचा माणूस थांबलेला असतो. त्याला हवं ते मिळालं आहे, पुढचं पान त्याच्या मताला धोका आहे, म्हणून तो ते उलटणार नाही. मध्यावरचा माणूस चालत असतो. त्याचं मत उद्याच्या पानाला उत्तरदायी असतं, आणि ते त्याला ठाऊक असतं. ‘मी एकशेविसाव्या पानावर आहे, आणि इथवर मला असं वाटतं’ या वाक्यात हाच फरक आहे. पानाचा आकडा म्हणजे मताची हद्द. हद्द सांगणारा माणूस जमावात सामील व्हायला अडचणीचा असतो, कारण जमावाला हद्द नको असते. पुस्तकावर कुणी भडकला असेल तर ‘पूर्ण वाचलंस का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘कुठल्या पानावर आहेस?’ हा प्रश्न जास्त अवघड आहे. तो विचारायची सवय लागण्यासाठी आपण स्वतः आपला आकडा सांगायला हवा.

तिसरा आक्षेप छोटा आहे: मध्येच बोलून तुम्ही दुसऱ्याची गंमत घालवता, किंवा त्याच्या डोक्यात आपलं मत भरवता. गंमत घालवण्याचं म्हणाल तर तो धोका पुस्तक संपवलेल्या माणसाकडून जास्त. त्याला शेवट माहीत असतो. मध्यावरच्याला तोच माहीत नसतो. मत भरवण्याचं म्हणाल तर त्याला उपाय बरोबरीने वाचण्याचा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, काही महिने राहते आणि पुढच्या गटाकडे जाते. जी पुस्तकं एकाच काळात एकाच गटात फिरतात त्यांच्यावर कुणा एकाचं मत टिकून बसत नाही. चाळिसाव्या पानावरचा आणि दोनशेव्या पानावरचा एकमेकांना अडवतात. पाहुण्याचं मत लादलं जातं, शेजाऱ्याचं मत तपासलं जातं.

कुणाची गंमत जाण्याहून मोठं नुकसान मला वेगळ्याच जागी दिसतं. आपल्या सार्वजनिक वाचनालयातल्या देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक नेल्याची तारीख असते आणि परत केल्याची तारीख असते. साठाव्या पानावर कंटाळून परत केलेलं पुस्तक आणि दोनदा वाचून परत केलेलं पुस्तक त्या वहीत सारखंच दिसतं. वाचक कुठे थांबला, का थांबला, हे कुठेच लिहिलं जात नाही. आणि पुस्तक अर्धवट सोडणं हे तर सगळ्यात प्रामाणिक मत असतं. ‘वाचून झाल्यावर सांगतो’ ही शिस्त या मताला कायमचं बाद करते, कारण त्याचं वाचून कधी होणारच नसतं.

शिवाय कोणत्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न आहेच. वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरात सामवेदी म्हणजे कादोडी चालते, वाडवळी चालते, आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असतं. वाचून संपवलेल्या पुस्तकावर ‘अभिप्राय’ द्यायचा म्हटला की तो प्रमाण भाषेत द्यावा लागतो, थोडा सजवावा लागतो, चार माणसांत शोभेल असा करावा लागतो. चालू पुस्तकाबद्दलचं बोलणं घरच्या बोलीत सहज निघतं, कारण ते अभिप्राय म्हणून निघालेलंच नसतं. संपलेल्या, सजलेल्या मतांनाच मत म्हणायचं ठरवलं तर बोलीत विचार करणाऱ्या कितीतरी वाचकांचं वाचन हिशेबातच धरलं जाणार नाही. मग आपण वाचनसंस्कृती लोप पावल्याची खंत करत राहू. वाचन कदाचित चालू असेल. आपण फक्त शेवटच्या पानावर कान लावून बसलो आहोत.

चालू वाचनाबद्दल बोलण्याची एक मर्यादा मी नाकारत नाही. पुस्तकाची पूर्ण रचना, त्याचं त्याच्या काळातलं स्थान, त्याच्या लेखकाच्या बाकीच्या लेखनाशी त्याचं नातं, हे सगळं शेवटाशिवाय कळत नाही. परीक्षकाचं काम त्याचं त्यालाच करू द्यावं. पण तो जे सांगतो ते एका जागेवरून सांगतो, आणि ती जागा पुस्तकाच्या बाहेर आहे. आत असलेल्या माणसाचं म्हणणं त्याने सांगावं अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ते आत असलेल्यानेच सांगावं, आणि सांगताना तीन गोष्टी पाळाव्यात: आपण कुठल्या पानावर आहोत ते सांगावं, जे दिसलं तेवढंच सांगावं, आणि पुढच्या पानांनी मत बदललं तर तेही पुन्हा येऊन सांगावं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण मत बदलणं आपल्याकडे शरमेचं मानतात. पुस्तकाच्या मध्यावर बोलायची सवय असलेल्या माणसाला ती शरम वाटेनाशी होते. पुढचं पान आपल्याला खोटं पाडू शकतं, हे त्याने बोलायला तोंड उघडलं तेव्हाच मान्य केलेलं असतं. हे मान्य करून बोलणारी माणसं पुस्तकांपुरती जरी वाढली, तरी बाकीच्या वादांचा सूर खाली यायला त्यांची मदत होईल.